ड्रेसिंग रूममधला ‘स्टीव्ह’

चेतेश्वर पुजारा २०१५ मध्ये यॉर्कशायर कौंटीकडून खेळला आणि २०१८ मध्ये पुन्हा तिथे गेला. संघातल्या एका गोलंदाजाला त्याचं नाव उच्चारायला जड जात होतं. तुझं टोपणनाव काय, असं त्याने विचारलं. टोपणनाव असं काही नव्हतंच. मग आम्ही तुला स्टीव्ह म्हणू, असं ठरून गेलं. पुजाराने ही हकिगत पुढे एका मुलाखतीत सांगितली. त्यात राग नव्हता, तक्रारही नव्हती. मला चेतेश्वर म्हटलेलं जास्त आवडतं, एवढंच तो म्हणाला. पण नाव चिकटलं ते चिकटलंच. डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेड कसोटीचं समालोचन करताना शेन वॉर्नच्या तोंडूनही ते आलं.

गोष्ट इथेच संपली असती तर खेळाडूंमधली खेळीमेळी म्हणून सोडून देता आली असती. पण यॉर्कशायर क्रिकेटच्या संस्थेत काम केलेल्या एका माजी कर्मचाऱ्याने नंतर सांगितलं, की तिथे गोरा नसलेला प्रत्येक जण ‘स्टीव्ह’ होता आणि आशियाई समाजाचा विषय निघाला की बोलणं टॅक्सीवाल्यांवर आणि हॉटेलातल्या वाढप्यांवर जायचं. म्हणजे पुजाराला दिलेलं नाव त्याचं एकट्याचं नव्हतंच. खऱ्या टोपणनावात त्या माणसाची काही खूण असते: त्याची चाल, त्याची सवय, कधीतरी घडलेला एखादा किस्सा. इथे खूण होती ती फक्त कातडीची. कसोटीत तासन्‌तास खेळपट्टीवर उभा राहणारा, सौराष्ट्राच्या मैदानांवर घडलेला हा फलंदाज एका घाऊक नावाखाली दिसेनासा झाला, आणि हे करणारे लोक त्याचे वैरी नव्हते, त्याच्या शेजारी बसून जेवणारे सहकारी होते.

वंशद्वेष म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दगड मारणारा जमाव येतो किंवा घर नाकारणारा मालक येतो. मित्र येत नाही. उलट वेगळ्या वंशाचा मित्र असणं हाच आपण निर्मळ मनाचा पुरावा मानतो. ‘माझे कितीतरी मित्र त्यांच्यातले आहेत’ हे वाक्य जगातल्या बहुतेक भाषांत याच कामासाठी वापरलं जातं. या समजुतीला आधार अगदीच नाही असं नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडलं, की दोन गटांतली माणसं बरोबरीच्या नात्याने, एकाच ध्येयासाठी, एकमेकांच्या साथीने काम करू लागली आणि वरच्या यंत्रणेचं त्याला पाठबळ असलं, तर पूर्वग्रह कमी होतात. टॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी २००६ मध्ये पाचशेहून अधिक अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला आणि ऑलपोर्ट यांचं म्हणणं मोठ्या प्रमाणावर टिकून राहिलं. माणसं जवळ आली की मनं निवळतात, हे खरंच आहे. पण निवळणं म्हणजे स्वच्छ होणं नव्हे. तळाशी जे उरतं ते मैत्रीच्या आत वेगळ्या रूपाने वावरतं. त्या रूपाची तपासणी यॉर्कशायरच्या प्रकरणाइतकी उघडपणे क्वचितच कुठे झाली असेल.

अझीम रफीक कराचीत जन्मला आणि दहा वर्षांचा असताना इंग्लंडला आला. ऑफस्पिन टाकायचा. इंग्लंडच्या एकोणीस वर्षांखालील संघाचा तो कर्णधार होता आणि २०१२ मध्ये यॉर्कशायरचं नेतृत्व त्याच्याकडे आलं तेव्हा तो त्या कौंटीच्या इतिहासातला सर्वांत तरुण कर्णधार ठरला. संघातला त्याचा जवळचा मित्र होता गॅरी बॅलन्स, झिंबाब्वेहून आलेला गोरा फलंदाज. रफीकने २०२० मध्ये यॉर्कशायरमधल्या वंशद्वेषाविषयी तोंड उघडलं, कौंटीने चौकशी नेमली, आणि ४३ आरोपांपैकी सात ग्राह्य धरले गेले. कारवाई मात्र कोणावरही होणार नाही, असं ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस जाहीर झालं. मग चार दिवसांत अहवालातला एक भाग बाहेर फुटला. ब्रिटनमध्ये पाकिस्तानी आणि एकूणच दक्षिण आशियाई माणसाला उद्देशून वापरली जाणारी शिवी रफीकच्या बाबतीत पुन्हा पुन्हा वापरली गेली, हे चौकशी समितीला मान्य होतं. पण ती मित्रामित्रांतली खेळकर थट्टा होती आणि तिचं वाईट वाटून घेणं रास्त नव्हतं, असा निष्कर्ष तिने काढला होता.

दोनच दिवसांत बॅलन्सने निवेदन काढून कबूल केलं, की तो शब्द मी वापरला, मला त्याचा खेद आहे, आम्ही अगदी घट्ट मित्र होतो आणि मित्र म्हणून एकमेकांना नको ते बोलत होतो. रफीकही त्याला झिंबाब्वेवरून ‘झिंबो’ म्हणायचा. चौकशी समितीला इथे फिटंफाट दिसली.

मला ही फिटंफाट मान्य नाही, आणि त्याचं कारण इतिहासात आहे. सत्तरच्या दशकात इंग्लंडच्या रस्त्यांवर तरुणांच्या टोळ्या आशियाई माणसं शोधून मारायच्या आणि त्या मारहाणीला नाव होतं ते याच शिवीवरून पडलेलं. १९७६ मध्ये साउथहॉलला गुरदीपसिंग चग्गर हा अठरा वर्षांचा मुलगा भोसकून मारला गेला. मे १९७८ मध्ये पूर्व लंडनमध्ये अल्ताब अली हा बांगलादेशी कामगार कामावरून घरी जाताना मारला गेला. त्याच्या नावाची बाग आज तिथे आहे. यॉर्कशायरमधल्या आशियाई घरांत आजोबांच्या आणि वडिलांच्या तोंडून हा काळ मुलांपर्यंत आलेला आहे. ‘झिंबो’ म्हणत कोणी कोणाच्या मागे सुरा घेऊन धावलेलं नाही. दोन शब्द दोन मित्रांच्या तोंडी असले तरी दोघांच्या पाठीमागे उभा असलेला इतिहास सारखा नसतो, आणि थट्टेचा हिशेब शब्दाला शब्द लावून होत नाही.

मग रफीकने तेव्हाच का नाही सांगितलं? हा प्रश्न अशा प्रत्येक प्रकरणात विचारला जातो आणि तो बहुधा प्रामाणिकपणेही विचारला जातो. उत्तर बाहेरच्या माणसाला दिसत नाही. परका माणूस लागट बोलला तर आपण तोंड फिरवून चालू लागतो. मित्र बोलला तर चालू लागायला जागाच नसते. हरकत घ्यायची म्हणजे ‘काय यार, एवढंही सहन होत नाही?’ हे ऐकून घ्यायचं, पुढच्या बैठकीत आपण आलो की गप्पांचा सूर बदललेला पाहायचा, आणि हळूहळू बोलावणीच बंद होतील ही भीती बाळगायची. हसून सोडणं त्या मानाने स्वस्त पडतं. रफीकने १६ नोव्हेंबर २०२१ रोजी ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे सांगितलं, की त्या गटात सामावलं जावं म्हणून तो मुसलमान असूनही दारू पिऊ लागला होता आणि जे चाललं होतं ते त्याने स्वतःशीही बरीच वर्षं मान्य केलं नव्हतं. ऐकणाऱ्यांपैकी कितीकांना तो नुसता कबुलीजबाब वाटला असेल. मला ते सबंध साक्षीतलं सर्वांत नेमकं वाक्य वाटतं.

सामावलं जाण्याची ही धडपड किती खोल जाते, याचं एक बारीक प्रात्यक्षिक अमेरिकेत झालेलं आहे. मानसशास्त्रज्ञ सपना चेरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आशियाई वंशाचे अमेरिकी विद्यार्थी घेतले. त्यांतल्या काहींच्या अमेरिकीपणावर जाताजाता एक साधा प्रश्न टाकला गेला. तुम्हाला इंग्रजी येतं ना, अशा धर्तीचा. बस्स. पुढे आवडता पदार्थ कोणता असं विचारलं, तर ज्यांना तो प्रश्न केला होता त्यांच्या उत्तरांत बर्गर-पिझ्झ्यासारखे ठसठशीत अमेरिकी पदार्थ कितीतरी जास्त आले. जेवण मागवायला सांगितलं, तर अमेरिकीपणावर शंका घेतलेल्यांनी सरासरी १८२ कॅलरी जास्तीच्या मागवल्या. अपमानाचा एक शब्दही कोणी उच्चारला नव्हता. पण मी इथलाच आहे हे पटवायची गरज ताटात उतरली.

मैत्रीतले साचे बहुतेकदा असेच येतात, शिवीच्या नव्हे तर कुतूहलाच्या किंवा कौतुकाच्या वेषात. भारतीय मुलाला गणिताचा गृहपाठ विचारायचा, आणि त्याला तो जमला नाही की ‘तू कसला इंडियन?’ म्हणायचं. अमेरिकेत वाढलेल्या मराठी घरांतल्या मुलांना हे सवयीचं आहे. तिथे हुशार भारतीयाची जी प्रतिमा झाली ती रक्तातून आलेली नाही, व्हिसाच्या नियमांतून आलेली आहे. १९४६ च्या कायद्याने वर्षाला शंभरच भारतीयांना तिथे स्थायिक होता येत होतं. १९६५ च्या कायद्याने दार उघडलं ते मुख्यतः डॉक्टर, इंजिनिअर, संशोधक यांच्यासाठी आणि त्यांच्या नातलगांसाठी. चाळणीतून निवडून घेतलेल्या लोकांची मुलं शाळेत पुढे दिसली आणि लोकांनी तो वंशाचा गुण ठरवला. ज्या मुलाला चित्रं काढायची आहेत किंवा जो नापास होतोय, त्याला मित्रांच्या त्या कौतुकात जागाच उरत नाही.

साच्याला छेद देणारा मित्र समोर असताना साचा मोडत का नाही, याचं उत्तर मानसशास्त्रात चांगलं मिळतं. आपलं मन त्या मित्राला अपवाद म्हणून बाजूला ठेवतं. एखाद्या गटाबद्दलची आपली धारणा शाबूत राहते आणि तिच्याखाली एक छोटा पोटप्रकार तयार होतो: ‘ते तसेच असतात, पण हा तसा नाही.’ मग हा अपवाद त्या मित्राला मोठ्या प्रेमाने ऐकवला जातो. ‘तू त्यांच्यातला वाटतच नाहीस.’ म्हणणाऱ्याला वाटतं आपण मान दिला. ऐकणाऱ्याला त्या एका वाक्यात आई, मामा, आजी अशी सगळी घरची माणसं उंबऱ्याबाहेर उभी केलेली दिसतात.

आणि खोलीतली तिसरी माणसं? यॉर्कशायरच्या प्रकरणात रफीकचा संघातला सहकारी जो रूट याने सांगितलं होतं, की असं काही घडल्याचं मला आठवत नाही. रफीकने समितीपुढे रूटला चांगला माणूस म्हटलं. त्याच्या तोंडून कधी वंशवाचक शब्द ऐकला नाही, असंही तो म्हणाला. दुखलं ते दुसरंच. रूट बॅलन्ससोबत एका घरात राहिलेला, त्या बैठकींत असलेला. त्याला खरंच आठवत नसेल, पण मग ते बोलणं तिथे किती नेहमीचं झालं होतं हेच त्यावरून दिसतं, असं रफीकचं म्हणणं होतं.

टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठात केरी कावाकामी यांनी घडवून आणलेला एक प्रयोग इथे आठवतो. तो २००९ मध्ये ‘सायन्स’ मासिकात आला. एका खोलीत तीन माणसं बसवली. खरा सहभागी एकच, कृष्णवर्णीय नसलेला. उरलेले दोघे, एक कृष्णवर्णीय आणि एक गोरा, संशोधकांनी ठेवलेले. कृष्णवर्णीय तरुण मोबाईल आणायला उठतो आणि जाताना गोऱ्याच्या गुडघ्याला त्याचा हलकासा धक्का लागतो. तो बाहेर गेल्यावर गोरा कधी गप्प बसतो, कधी त्याच्या वंशावरून कुरकुरतो, तर कधी थेट शिवी हासडतो. कृष्णवर्णीय तरुण परत येऊन बसतो. मग सहभागी व्यक्तीला सांगतात, पुढच्या कामासाठी या दोघांतला एक जोडीदार निवड. ज्यांना हा प्रसंग नुसता वर्णन करून सांगितला होता, त्यांनी ठामपणे सांगितलं की आम्हाला फार संताप येईल आणि त्या गोऱ्याला आम्ही मुळीच निवडणार नाही. ज्यांच्या समोर तो खरोखर घडला, त्यांचा संताप नगण्य होता, आणि शिवी ऐकूनही निम्म्याहून अधिकांनी त्या गोऱ्यालाच जोडीदार म्हणून निवडलं. ही माणसं खोटं बोलत नव्हती. आपण अशा वेळी कसे वागू याचा त्यांचा अंदाजच चुकला होता. रूटचं न आठवणं मला या प्रयोगामुळे समजतं. जे खुपलं नाही ते स्मरणात राहत नाही.

इंग्लंडकडे बोट दाखवणं आपल्याला सोपं आहे, म्हणून आता हैदराबादकडे येऊ. सेंट लुशियाचा डॅरेन सॅमी, वेस्ट इंडिजला दोन ट्वेंटी-ट्वेंटी विश्वचषक जिंकून देणारा कर्णधार, आयपीएलमध्ये सनरायझर्सकडून खेळला. तिथे त्याला आणि श्रीलंकेच्या थिसारा परेराला काही सहकारी ‘काळू’ म्हणायचे. म्हटलं की सगळे हसायचे, आणि सॅमीही हसायचा, कारण या हाकेत दमदार घोड्यासारखं काहीतरी कौतुक असेल असं त्याला वाटत होतं. मे २०२० मध्ये अमेरिकेत मिनियापोलिसला जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा पोलिसाच्या हातून जीव गेला. त्यानंतर भारतीय वंशाचा अमेरिकी विनोदकार हसन मिन्हाज आपल्या घरांतल्या काळ्या रंगाच्या तिरस्काराविषयी बोलला. ते ऐकताना सॅमीला आपल्याला मारलेल्या हाकेचा अर्थ कळला. जूनमध्ये त्याने जाहीरपणे विचारलं, की त्या संघातल्या मित्रांनो, तुमच्या मनात काय होतं ते मला फोन करून सांगा. एकाने फोन केला. आम्ही प्रेमाने म्हणत होतो, असं त्याने सांगितलं, आणि सॅमीने त्यावर विश्वास ठेवला.

प्रेमाने म्हणत असतील, यावर माझाही विश्वास आहे. आपल्या गावागावांत ‘काळ्या’ नावाने हाक मारले जाणारे मित्र आहेत आणि त्या हाकेत जिव्हाळा असतो. पण त्याच घरांत मुलगी बघायला गेल्यावर रंग आधी बघितला जातो, लग्नाच्या जाहिरातीत ‘गोरी’ हा शब्द पैसे मोजून छापला जातो, हेही त्या गावातल्या काळ्याला ठाऊक असतं. त्याला निदान हाकेचा अर्थ कळतो, उलट उत्तर देता येतं. सॅमीला तेवढीही सोय नव्हती. सगळे हसत होते आणि हसण्याचं कारण फक्त त्यालाच माहीत नव्हतं. ज्या थट्टेचा अर्थ थट्टेच्या धन्यालाच सांगितलेला नाही, तिला दोघांमधली थट्टा म्हणता येत नाही.

आणखी जवळ यायचं तर पुण्यात यावं. इथल्या महाविद्यालयांत मणिपूर, नागालँड, मिझोराम, अरुणाचल इथून आलेली मुलंमुली शिकतात, सलूनमध्ये, मॉलमध्ये, हॉटेलांत काम करतात. ऑगस्ट २०१२ मध्ये हल्ल्यांच्या अफवा मोबाईलवरून पसरल्या तेव्हा बंगळूरप्रमाणे पुण्याच्या स्टेशनवरही ईशान्येकडे जाणाऱ्या गाड्यांना त्यांची गर्दी झाली होती. जानेवारी २०१४ मध्ये अरुणाचलचा विद्यार्थी निडो तानिया दिल्लीच्या लाजपतनगरात एका दुकानात केसांवरून झालेल्या टिंगलीनंतर मारहाणीत गेला, आणि त्यानंतर केंद्र सरकारने बेझबरुआ समिती नेमली. टिंगलीपासून मृत्यूपर्यंतचं अंतर किती थोडं असू शकतं, हे तेव्हा देशाला दिसलं.

पण याच मुलांना वर्गातल्या, हॉस्टेलमधल्या मैत्रिणी काय म्हणतात? ‘ए चिंकी, चल चहाला.’ ‘तुमच्याकडे खरंच कुत्रं खातात?’ ‘तू कराटे शिकलीयेस का?’ मणिपुरी मुलीला मिझो मैत्रिणीच्या नावाने हाक मारायची आणि मग म्हणायचं, काय करू, तुम्ही दिसताच सारख्या. या शेवटच्या चुकीला एक खरं शारीरिक कारण आहे. लहानपणापासून ज्या ठेवणीचे चेहरे आपण बघतो त्यांतलेच बारकावे टिपायला डोळा तयार होतो, आणि ही घडण तान्ह्या बाळाच्या पहिल्या वर्षातच सुरू होते. संशोधकांनी साठच्या दशकाच्या अखेरीपासून हे पुन्हा पुन्हा मोजलं आहे. पण तीन वर्षं एका खोलीत राहूनही डोळ्याला सराव होत नसेल, तर डोळ्यावर ढकलून भागणार नाही. आणि स्वयंपाकघराची गोष्ट तर फार कळीची आहे. आंबवलेल्या सोयाबीनची अखुनी किंवा बांबूचे कोंब शिजायला लागले की मजल्यावर ओरड होते. दिल्ली पोलिसांनी २००७ मध्ये ईशान्येकडच्या विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या सूचनापुस्तिकेत असे पदार्थ शेजाऱ्यांना त्रास न होता करा, असा सल्ला होता. मुंबईच्या चाळींत सुके बोंबील भाजणाऱ्या घरांनी असाच वास सोसायला लावल्याची बोलणी पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेली आहेत. ती घरं ही व्यथा चटकन ओळखतील, असं मला वाटतं.

यावर काही चालतं का? चालतं. अलेक्झांडर झोप, मार्गो मॉन्टीथ आणि एमी मार्क यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत गोऱ्या विद्यार्थ्यांना माणसांची छायाचित्रं आणि सोबत एकेक वाक्य दाखवलं. उदाहरणार्थ, हा माणूस रस्त्यांवर भटकताना दिसतो. तो कोण असेल? चेहरा कृष्णवर्णीय असला की पुष्कळांच्या मनात भिकारी किंवा बेघर येई. पर्यटक क्वचितच येई. मग संगणकावरच्या जोडीदाराकडून त्यांतल्या काहींना संदेश गेला, की तुझी उत्तरं जरा ठरीव साच्याची वाटतात. ज्यांना तो मिळाला ते चिडले, सांगणारा त्यांना आवडेनासा झाला. पण नंतर तशीच छायाचित्रं समोर आल्यावर त्यांची साचेबंद उत्तरं कमी झाली. राग आणि सुधारणा दोन्ही एकदम झाले. म्हणून समोरच्याने तोंड वाकडं केलं याचा अर्थ सांगणं फुकट गेलं असा होत नाही, आणि सांगायचं काम नेहमी ज्याला लागलं त्यानेच करावं असंही नाही. बाजूला बसलेल्याने ‘अरे, तिचं नाव घे ना’ एवढं म्हटलं तरी सांगणाऱ्यावरचं ओझं वाटलं जातं.

दुसरी गोष्ट मैत्रीच्या आतली आहे. वेगळ्या गटांतल्या मैत्र्यांवरचे अभ्यास २०११ मध्ये एकत्र तपासले गेले, तेव्हा दृष्टिकोन बदलण्याशी सर्वांत घट्ट जोडलेल्या दोन गोष्टी निघाल्या: एकमेकांसोबत घालवलेला वेळ आणि एकमेकांना सांगितलेलं मनातलं. नुसते किती मित्र आहेत याची मोजणी त्यामानाने फार काही सांगत नव्हती. ‘काळू’ म्हटल्यावर काय वाटतं हे सॅमीला एकदा कोणी शांतपणे विचारलं असतं, तर मधली वर्षं वाया गेली नसती.

रफीकच्या साक्षीनंतर दोन दिवसांनी एक जुना संदेश उजेडात आला. २०११ मध्ये त्याने एका सहकारी खेळाडूशी फेसबुकवर गप्पा मारताना, जेवणाचे पैसे द्यायला नाखूश असलेल्या तिसऱ्याला ज्यूंच्या कंजूषपणाच्या जुन्या साच्यात बसवलं होतं. मित्रामित्रांतलीच थट्टा. रफीकने थट्टेचं कारण पुढे केलं नाही. लाज वाटते म्हणाला आणि ज्यू समाजाची माफी मागितली. त्याच्या सगळ्या तक्रारी खोट्या ठरवायला हा संदेश अनेकांनी वापरला. मला तो उलट त्याच्या म्हणण्याला दुजोरा देणारा वाटतो, कारण ज्याला साचा लागतो त्याच्याही जिभेवर दुसऱ्यासाठी साचा तयार असतो.

ऑगस्ट २०२२ मध्ये बॅलन्स रफीकला समोरासमोर भेटला. या वेळी मैत्रीचा दाखला न देता त्याने सरळ माफी मागितली, आणि रफीकने ती स्वीकारली, त्याच्या धैर्याचं जाहीर कौतुकही केलं. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत बॅलन्स आपल्या जन्मभूमीकडून, झिंबाब्वेकडून, कसोटी खेळला आणि पहिल्याच सामन्यात त्याने नाबाद शतक काढलं. त्याच वर्षी यॉर्कशायरला चार लाख पौंडांचा दंड झाला, स्पर्धेतले ४८ गुण कापले गेले. रफीक तोवर इंग्लंडमध्ये उरला नव्हता. धमक्या आणि शिवीगाळ थांबेना, म्हणून २०२२ संपण्याआधीच तो कुटुंबाला घेऊन देश सोडून गेला होता.